परिचारिकेचा शब्द : रुग्णालयातील सहभागी निर्णय आणि नेतृत्व

शीव या शब्दाचा अर्थ सीमा, गावाची वेस. मुंबईचे बेट जेथे संपत होते आणि साष्टीचा मुलूख जेथे सुरू होत होता, त्या ठिकाणाला हे नाव पडले. शहर वाढत गेले आणि ती सीमा पुसली गेली. नाव मात्र राहिले. जवळच धारावीची दाट वस्ती, मध्य रेल्वेचा मार्ग आणि शहराबाहेर जाणारा हमरस्ता अशा ठिकाणी आज लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय उभे आहे. लोकांच्या तोंडी ते 'सायन हॉस्पिटल' या नावाने रूढ आहे. १९४७ साली ५० खाटांनिशी सुरू झालेल्या या रुग्णालयाला १९६४ साली वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली, आणि आता तेथील खाटांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे.

अशा कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात चोवीस तासांत असंख्य निर्णय घेतले जातात. रोगाचे निदान, शस्त्रक्रिया, औषधयोजना यांविषयीचे निर्णय डॉक्टर घेतात आणि ते रुग्णाच्या कागदावर नोंदले जातात. परंतु कोणत्या रुग्णाजवळ आधी जावयाचे, कोणाचा श्वास रात्रीतून जड होऊ लागला आहे, कोणाच्या पाठीची कातडी लाल दिसू लागली आहे, घाबरलेल्या नातेवाइकांना काय आणि किती सांगावयाचे, हे निर्णय परिचारिका घेते. ते बहुधा कागदावर येत नाहीत. रुग्णाचे बरे होणे मात्र या दोन्ही प्रकारच्या निर्णयांवर सारखेच अवलंबून असते.

डॉक्टर फेरीला येतात आणि जातात. परिचारिका पाळी संपेपर्यंत कक्षातच असते. रुग्णाविषयी जिला सर्वांत अधिक वेळ पाहावयास मिळते, तिच्या शब्दाला रुग्णालयाच्या निर्णयांत कोणते स्थान आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ परिचारिकांच्या मानापानाचा नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

सहभागी निर्णय म्हणजे काय?

'सहभागी निर्णय' या शब्दांनी काही गैरसमज होतात, ते प्रथम दूर केले पाहिजेत. रुग्णाला कोणते औषध द्यावे याचे कक्षात मतदान घ्यावयाचे, असा त्याचा अर्थ नाही. निदानाची आणि उपचाराची जबाबदारी डॉक्टरांची आहे आणि ती तशीच राहते. पण परिचारिकेचीही स्वतःची एक जबाबदारी आहे. लिहून दिलेली मात्रा अधिक वाटली तर विचारणे, चुकीच्या रुग्णाला चुकीचे रक्त जाऊ न देणे, आणि प्रकृतीत बदल दिसताच तो कळविणे, हे तिचे कर्तव्यच होय. सहभाग याचा अर्थ असा की, हे कर्तव्य बजावताना ती जे सांगेल ते ऐकले जाईल, नोंदले जाईल आणि त्याला उत्तर दिले जाईल.

हा सहभाग तीन पातळ्यांवर असतो. पहिली पातळी खाटेजवळची. डॉक्टरांची फेरी चालू असताना परिचारिका केवळ आदेश लिहून घेते की रात्रभरात काय पाहिले ते सांगते, यावर तो ठरतो. दुसरी पातळी कक्षाची. पाळ्या कशा लावावयाच्या, औषधांचे कपाट कोठे ठेवावयाचे, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोणती शिस्त पाळावयाची, भेटीच्या वेळा कोणत्या, हे प्रश्न या पातळीवर सुटतात. तिसरी पातळी संस्थेची. साहित्याची खरेदी, नवीन कक्षाचा आराखडा, पदांची मागणी, तक्रारींची चौकशी या गोष्टी तेथे ठरतात. पहिल्या पातळीवर चांगल्या परिचारिकेचा शब्द डॉक्टर सहसा मानतात. अडचण येते ती दुसऱ्या पातळीवर, आणि तिसऱ्या पातळीवर तर तिचा आवाज फार क्षीण होतो.

नेतृत्व या शब्दाचाही असाच खुलासा करावयास हवा. आपल्या रुग्णालयांत परिचारिका, कक्षाचा कारभार पाहणारी परिसेविका, साहाय्यक अधिसेविका आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजेच पूर्वीच्या भाषेत मेट्रन, अशी पदांची उतरंड आहे. पद आहे म्हणून नेतृत्व आहे, असे मात्र म्हणता येत नाही. अधिसेविकेचा सारा दिवस जर पाळ्यांचे तक्ते भरण्यात, रजा मंजूर करण्यात आणि रिकाम्या जागी माणूस शोधण्यात जात असेल, तर ती कारभार पाहते. परिचर्येला दिशा देण्यास तिला उसंत उरत नाही.

शीवचा अनुभव

शीवच्या रुग्णालयाचे नाव वैद्यकीय जगात एका विशेष कामासाठी घेतले जाते. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. नवजात शिशु विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने हे काम उभे राहिले. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या अर्भकांना जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. बाटलीने दिलेले वरचे दूध तो धोका वाढविते. आईचे दूध मिळाले तर बाळ तगण्याची शक्यता वाढते. पण आई आजारी असेल, तिला दूध येत नसेल किंवा ती बाळाजवळ नसेल, तर काय करावयाचे? ज्या मातांना आपल्या बाळाची गरज भागून दूध उरते, त्यांनी ते स्वेच्छेने द्यावे, ते निर्जंतुक करून साठवावे आणि गरजू अर्भकाला पाजावे, हा त्यावरील उपाय होय.

हा निर्णय वैद्यकीय होता आणि त्याचे श्रेय त्या विभागाच्या नेतृत्वाचेच आहे. तथापि तो रोज अमलात कसा येतो, हे पाहण्यासारखे आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला दूधदान म्हणजे काय हे तिच्या भाषेत समजावून सांगावे लागते. आपले दूध दुसऱ्याला दिले तर आपल्या बाळाला कमी पडेल, ही तिची भीती घालवावी लागते. सासूची किंवा नवऱ्याची शंका दूर करावी लागते. दात्या मातेच्या तपासण्या झाल्या आहेत याची खात्री करावी लागते. स्वच्छतेचे नियम पाळून दूध काढावे लागते, ६२.५ अंश सेल्सिअस तापमानाला ३० मिनिटे ठेवून ते सुरक्षित करावे लागते, जंतूंची चाचणी घ्यावी लागते आणि मग ते गोठवून ठेवावे लागते. यांपैकी मातेशी बोलण्याचे, तिला धीर देण्याचे आणि बाळाला पाजण्याचे काम मुख्यतः खाटेजवळ असणाऱ्या स्त्रियांचे, म्हणजे परिचारिकांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे असते.

येथे एक धडा मिळतो. डॉक्टरांनी आदेश काढला आणि परिचारिकेने तो पाळला, इतक्याने असे काम चालत नाही. कोणती माता आज बोलण्याच्या मनःस्थितीत आहे, कोणाला विश्रांती हवी, कोणत्या बाळाची आई दोन दिवसांत स्वतः पाजू शकेल आणि पेढीतील दूध दुसऱ्या बाळासाठी राखता येईल, हे परिचारिकेला अधिक ठाऊक असते. तिचे हे ज्ञान निर्णयात आले तर पेढी जिवंत राहते. न आले तर पेढी म्हणजे केवळ शीतकपाट होय. ज्या कामात माणसाचे मन वळवावयाचे असते, त्या कामात ते मन ओळखणाऱ्या व्यक्तीला निर्णयात घेतल्यावाचून गत्यंतर नसते.

परळचा दाखला

शीवपासून फार दूर नसलेल्या परळ येथील राजे एडवर्ड स्मारक, म्हणजे के. ई. एम. रुग्णालयाने याच विषयाचा दुसरा आणि अधिक गंभीर दाखला देशापुढे ठेवला. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातच क्रूर हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. हल्ल्याच्या वेळी सेवेत असलेल्या परिचारिका निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि ज्यांनी अरुणाताईंना कधी चालताबोलताना पाहिले नव्हते अशा मुलींनीही ते व्रत पुढे चालविले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरी एखाद्या वृद्धाची सेवा केली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. १९८० नंतरच्या दशकात त्यांना रुग्णालयाबाहेर हलविण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि तो विचार सोडून देण्यात आला.

पुढे लेखिका पिंकी विराणी यांच्या अर्जावरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अरुणा शानभाग यांना दिले जाणारे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी त्या अर्जातील विनंती होती. रुग्णालयाच्या परिचारिकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना ते मान्य नव्हते. ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने अर्जदाराच्या सद्हेतूचा आदर केला. पण रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला उत्तर देताना तो रात्रंदिवस सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गाचा आहे, असे सांगितले. त्याच निर्णयाने कठोर अटी घालून आणि उच्च न्यायालयाच्या संमतीने, कृत्रिम जीवनाधार काढून घेण्याचा मार्गही देशात प्रथमच मोकळा केला.

अरुणाताईंच्या जगण्यामरण्याविषयी विचारी माणसांत तेव्हा मतभेद होते आणि आजही ते असू शकतील. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, शुश्रूषेतून एक प्रकारचे ज्ञान आणि एक प्रकारचा अधिकार निर्माण होतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. मात्र पुढील काळात या प्रश्नाची नियमबद्ध व्यवस्था लावताना हे सूत्र मागे पडले. २०१८ च्या घटनापीठाच्या निर्णयाने आणि २०२३ साली त्यात झालेल्या सुधारणेने जीवनाधार काढण्यासंबंधी प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे ठरवून दिली आहेत. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ असतात. दुसऱ्यातही डॉक्टरच असतात. खाटेजवळ बसणाऱ्या परिचारिकेला त्यांत जागा ठरवून दिलेली नाही. तिला विचारू नये असे कोणी म्हटलेले नाही, हे खरे. पण विचारलेच पाहिजे असेही म्हटलेले नाही. परिचारिकांच्या सहभागाची आपल्याकडील स्थिती या एका उदाहरणात स्पष्ट दिसते. सद्भावना असेल तेथे त्यांचे ऐकले जाते. नियमाने ऐकले जाण्याची सोय थोडी आहे.

परिचारिकांचे म्हणणे

परिचारिकांच्या संघटनांची निवेदने, त्यांच्या परिषदांतील चर्चा आणि शासनाने वेळोवेळी नेमलेल्या समित्यांपुढील मागण्या पाहिल्या, तर काही मुद्दे पुन्हा पुन्हा येताना दिसतात.

पहिला मुद्दा संख्येचा. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली. तरीही भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हे प्रत्यक्षात क्वचितच साधते. जिच्याकडे तीस रुग्ण सोपविले आहेत, तिला डॉक्टरांच्या फेरीबरोबर उभे राहून बोलण्यास वेळ कोठून मिळणार? सहभागाला वेळ लागतो आणि वेळेला माणसे लागतात. २०२२ साली महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी संप केला, त्यात पदे बाह्य यंत्रणेमार्फत भरण्यास असलेला विरोध हा प्रमुख मुद्दा होता. आज आहे आणि उद्या नाही अशा नेमणुकीवरील व्यक्ती वरिष्ठांपुढे अप्रिय सत्य बोलण्यास कचरते, हे त्या विरोधामागील एक कारण लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा जबाबदारी आणि अधिकार यांच्या मेळाचा. काही चुकले तर प्रथम परिचारिकेला जाब विचारला जातो. पण ती चूक ज्या व्यवस्थेमुळे घडली ती बदलण्याचा अधिकार तिला नसतो. हातमोजे हलक्या प्रतीचे निघाले तर ते फाटतात तिच्या हातांत. खरेदीच्या वेळी मात्र तिचे मत घेतलेले नसते. नव्या कक्षात परिचारिकेची बैठक अशा कोपऱ्यात येते की तेथून निम्म्या खाटा दिसत नाहीत, आणि आराखडा मंजूर होताना ही गोष्ट सांगणारे कोणी तेथे नसते.

तिसरा मुद्दा नेतृत्वाच्या शिक्षणाचा. उत्तम परिचारिका सेवाज्येष्ठतेने परिसेविका होते. पण सभा कशी चालवावी, अंदाजपत्रक कसे वाचावे, मतभेद कसा मांडावा आणि कसा मिटवावा, हे तिला कोणी शिकविलेले नसते. केंद्र शासनाने नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ साली परिचर्या व्यवसायाच्या या सर्व अंगांचा विचार केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालातही हाच प्रश्न आढळतो. त्या वेळी जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका आणि परिचारक होते, त्यांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या. आणि उत्तरे देणाऱ्या देशांपैकी जेमतेम निम्म्या, म्हणजे ५३ टक्के देशांत परिचर्येतील नेतृत्वाच्या प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम होता.

चौथा मुद्दा परिचारिका खाजगीत अधिक बोलतात आणि तो त्यांच्या स्वतःच्या घरातला आहे. परिचर्येच्या उतरंडीतही वरचा आवाज मोठा आणि खालचा लहान असतो. डॉक्टर आपले ऐकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या परिसेविकेने नव्या परिचारिकेचे ऐकावयास हवे, आणि परिचारिकेने कक्षातील मावशींचे आणि मामांचेही. सहभागाची मागणी केवळ वरच्या दिशेने करून चालत नाही.

अनुभवाने काय सिद्ध झाले?

परिचारिकांचे म्हणणे न्याय्य असेल, पण त्याने रुग्णाचा लाभ होतो काय, असा प्रश्न कोणीही कारभारी माणूस विचारील. त्याला जगातील अनुभवाने उत्तर दिले आहे.

अमेरिकेत परिचारिकांची तीव्र टंचाई असतानाही काही रुग्णालयांत त्या टिकून राहतात, असे दिसून आले. तेथील परिचर्या अकादमीने १६३ रुग्णालयांची पाहणी केली आणि १९८३ साली त्यांपैकी ४१ रुग्णालयांची वैशिष्ट्ये प्रसिद्ध केली. परिचारिकांना लोहचुंबकाप्रमाणे ओढून घेणाऱ्या या रुग्णालयांत परिचर्येच्या प्रमुखाला व्यवस्थापनात खरे स्थान होते आणि कक्षातील निर्णयांत परिचारिकांचा भाग होता.

मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता कक्षांत झालेला प्रयोग याहून बोलका आहे. मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावतात. तो टाळण्यासाठी हात धुणे, कातडी औषधाने पुसणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, अशा पाच साध्या गोष्टींची यादी करण्यात आली. यादीत नवे काहीच नव्हते. नवीन होते ते हे की, डॉक्टरांनी एखादी पायरी वगळली तर तातडीचा प्रसंग सोडून एरवी त्यांना तेथेच थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभे राहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नळी असलेल्या दर १,००० दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ होते, ते दीड वर्षाच्या आत १.४ वर आले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन वेळा सर्वांनी थांबून ती मोठ्याने वाचावयाची असते. छेद घेण्यापूर्वी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका या तिघांनी आपापली शंका बोलून दाखवावी, असे तीत सांगितले आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर झाला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. एक कागद आणि एक मिनिट, एवढाच त्याचा खर्च. मात्र तो कागद परिचारिकेने वाचावयास घेतला आणि इतरांनी ऐकलेच नाही, तर त्याचा उपयोग नाही.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते सर्वच गैरलागू नाहीत. तातडीच्या प्रसंगी चर्चेला वेळ नसतो, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे. अपघात विभागात एकाने आदेश द्यावा आणि इतरांनी तो पाळावा, हेच योग्य. पण तेथे कोणी काय करावयाचे हे आधी शांतपणे ठरविताना सर्वांनी एकत्र बसावे, आणि प्रसंग संपल्यावर काय चुकले याचा विचारही एकत्र करावा. घाईच्या वेळची शिस्त निवांत वेळच्या सहभागातूनच येते.

जबाबदारी वाटली गेली तर ती कोणाचीच राहत नाही, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर नोंदीचे आहे. कोणी काय सांगितले आणि अखेर कोणी काय ठरविले, हे लिहून ठेवले म्हणजे जबाबदारी अस्पष्ट न होता उलट अधिक स्पष्ट होते. सर्वच परिचारिकांचे ज्ञान सारखे नसते, हा तिसरा आक्षेप. तो डॉक्टरांनाही लागू आहे, आणि त्यावर शिक्षण हाच उपाय आहे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला, त्यामागे या शिक्षणाचा दर्जा वाढविणे हा एक हेतू आहे.

गावपातळीवर

हा प्रश्न मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपुरता आहे, असे ग्रामीण भागातील वाचकांनी समजू नये. उपकेंद्रातील परिचारिका ही खेड्यातील आरोग्यसेवेचा कणा आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा उपकेंद्रासाठी वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी परिचारिका आणि सरपंच यांच्या संयुक्त खात्यात ठेवण्याची पद्धत घालण्यात आली. दोन सह्यांचे हे खाते म्हणजे सहभागी निर्णयाचा उत्तम वस्तुपाठ होता. जेथे सरपंचांनी परिचारिकेला 'बाई, उपकेंद्रात काय कमी आहे?' असे विचारून सही केली, तेथे तो पैसा पाण्याच्या टाकीला, दिव्याला, प्रसूतीच्या टेबलाला लागणार. आणि जेथे लिहून आणलेल्या कागदावर तिची केवळ सही घेतली गेली, तेथे निधी खर्ची पडूनही अडचण तशीच राहणार, हे उघड आहे.

ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती आणि गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती या दोन्ही ठिकाणी लोकप्रतिनिधी आणि आरोग्य कर्मचारी एकत्र बसतात. तेथे परिचारिका उपस्थित असते. परंतु उपस्थिती म्हणजे सहभाग नव्हे. पंचायत सदस्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि आरोग्यशिक्षणात रस घेणाऱ्या शिक्षकांनी आपल्या जवळच्या रुग्णालयाविषयी पुढील प्रश्न विचारून पाहावेत.

१. डॉक्टरांच्या फेरीत परिचारिकेने बोलावे अशी वेळ ठरलेली आहे काय, आणि तिची निरीक्षणे रुग्णाच्या कागदावर येतात काय?

२. पाळी बदलताना एका परिचारिकेकडून दुसरीकडे माहिती खाटेजवळ आणि लेखी दिली जाते काय?

३. खरेदी, जंतुसंसर्ग नियंत्रण आणि इमारतीचे आराखडे यांविषयीच्या समित्यांत परिचारिकांचा प्रतिनिधी आहे काय? असल्यास मागील सभेत त्या प्रतिनिधीने मांडलेला एक तरी मुद्दा इतिवृत्तात आहे काय?

४. चूक कळविणाऱ्या परिचारिकेला शिक्षा होते की चुकीचे कारण शोधले जाते?

५. परिसेविका होण्यापूर्वी वा झाल्यावर तिला नेतृत्वाचे आणि व्यवस्थापनाचे काही प्रशिक्षण मिळाले आहे काय?

या पाचांपैकी पहिल्या चार गोष्टींसाठी वेगळ्या निधीची गरज नाही. त्यांना लागते ती सवय, आणि सवय लावणारा वरिष्ठ.

पहाटे चारच्या सुमारास रुग्णालयात शांतता असते. वरिष्ठ डॉक्टर घरी असतात, कार्यालयाला कुलूप असते, नातेवाईक बाहेरच्या व्हरांड्यात झोपलेले असतात. त्या वेळी एखाद्या रुग्णाच्या श्वासात झालेला फरक एकाच व्यक्तीच्या लक्षात येतो. तिने दूरध्वनी उचलावा की सकाळच्या फेरीची वाट पाहावी, हा त्या क्षणीचा निर्णय असतो. यापूर्वी तिने जेव्हा जेव्हा असा दूरध्वनी केला तेव्हा तिला कोणते उत्तर मिळाले होते, यावर तो निर्णय मोठ्या प्रमाणात अवलंबून राहतो. तिला चांगले उत्तर मिळत राहील अशी व्यवस्था करणे, हेच सहभागी निर्णयाचे आणि रुग्णालयातील नेतृत्वाचे सार होय.